फॉस्फटेजवाल्या मॅडम

आमच्या मॅडमना नव्या वस्तूवरचं प्लास्टिक बघवत नसे. नांदेडच्या एका कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि मी लातूरहून त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करायला गेले होते. पहिल्याच आठवड्यात माझ्या नोंदणीच्या कागदावर सही घ्यायला त्या मला प्राचार्यांकडं घेऊन गेल्या. प्राचार्यांना नवी फिरती खुर्ची आली होती आणि तिच्यावरचं प्लास्टिक त्यांनी हौसेनं तसंच राखलं होतं. ते माझ्याशी लातूरच्या क्लासेसबद्दल बोलत होते. तेवढ्यात मॅडम उठल्या, खुर्चीच्या मागं गेल्या, पाठीवरच्या प्लास्टिकचं एक टोक धरलं आणि सर्रकन खाली ओढलं. मग म्हणाल्या, "सर, जरा उठता का? बुडाखालचं ऱ्हायलं." प्राचार्य उठले. सही त्यांनी उभ्यानंच केली.

मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण कॉलेजात कुणाला नवल वाटलेलं दिसलं नाही. रिमोटवरची पिशवी, बाटलीवरची किमतीची चिठ्ठी, होऊन गेलेल्या कार्यक्रमाचं पोस्टर, फोटोवरचा सुकलेला हार, दुसऱ्याच्या घरातल्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान, काढण्याजोगं काहीही दिसलं की मॅडमचा हात तिकडं जायचा. एका सहकाऱ्यानं नवी गाडी घेतली तेव्हा पेढे वाटून झाल्यावर तो मॅडम आणि गाडी यांच्या मधोमध उभा राहिला होता.

हा स्वभाव आधी होता आणि विषय नंतर मिळाला, की विषयानं स्वभाव घडवला, हे मला आजवर कळलेलं नाही. कारण मॅडमचा विषयही काढण्याचाच होता. अंड्यात किंवा पोटात जीव घडत असतो तेव्हा पेशी एकमेकींना सारखे निरोप देत असतात. तू पंख हो, तू डोळा हो, तू वाढ, तू थांब. पेशीच्या आत हा निरोप पुढं सरकतो तो प्रथिनांवर फॉस्फेटचा बारीक तुकडा चिकटवून. चिकटवणारे जे असतात त्यांना कायनेज म्हणतात, आणि चिकटवलेलं काढून टाकणाऱ्यांना फॉस्फटेज. मॅडमचं म्हणणं असं की साऱ्या जगाचं लक्ष चिकटवणाऱ्यांकडं आहे. "चिकटवनाऱ्याचे सत्कार होऊन राहिले, आन काढनाऱ्याला कोनी चहा पन इचारना," असं त्या अगदी घरच्या माणसावर अन्याय झाल्यासारखं म्हणायच्या. कॉलेजात त्यांना फॉस्फटेजवाल्या मॅडम म्हणत. त्यात थोडी चेष्टा होती, ती त्यांना कळायची, आणि तरीही त्यांना ते नाव आवडायचं.

बी.एस्सी.च्या मुलांना हे सगळं त्या टिकल्यांनी शिकवत. बाजारातून लाल टिकल्यांची पाकिटं आणायची, मुलामुलींना एका रांगेत उभं करायचं, आणि पहिल्याच्या कपाळावर स्वतः टिकली लावायची. टिकली लागली म्हणजे निरोप मिळाला. मग त्यानं पुढच्याला लावायची, त्यानं त्याच्या पुढच्याला. शेवटच्याला टिकली लागली की त्यानं हात वर करायचा, म्हणजे पंख वाढायला लागला. पहिल्या खेपेला सगळी रांग टिकल्या लावून उभी आणि शेवटच्याचा हात वर. मॅडम त्याला तसंच उभं ठेवायच्या. हात दुखायला लागला की पोरगं विचारायचं, "मॅडम, खाली घेऊ का?" मॅडम म्हणायच्या, "कसा घेशील? तुझी टिकली कोनी काढली का? वाढू दे पंख, पार नदीच्या पुलापलीकडं जाऊ दे." मग एका मुलीला त्या फॉस्फटेज नेमायच्या आणि ती रांगेतून टिकल्या काढत फिरायची. शेवटची टिकली निघाली की हात खाली यायचा आणि वर्गाला कळायचं की थांबवणारा नसेल तर नुसत्या निरोपाला अर्थ नसतो.

एकदा मुदखेडचा एक उंचापुरा मुलगा टिकली काढायचं विसरून एसटीनं घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याची आई कॉलेजात हजर. मॅडमनी तिला बसवून घेतलं, तिच्याच कपाळावर टिकली लावून सगळा पाठ पुन्हा घेतला, आणि ती आई जाताना टिकल्यांचं उरलेलं पाकीट घेऊन गेली.

वर्गाबाहेरही मॅडम थांबवण्याचं काम इमानानं करत. विभागाच्या बैठकीत कुणी नवी योजना मांडली की त्या विचारायच्या, "सुरू कोन करनार ते सांगितलं. बंद कोन करनार हाय?" निम्म्या योजना या प्रश्नावर तिथंच विझायच्या. जयंतीच्या एका कार्यक्रमात त्या प्रमुख पाहुण्या होत्या. त्यांच्या आधीचा वक्ता काही केल्या थांबेना, समोरची लहान पोरं खुर्च्यांवर झोपली. मॅडम व्यासपीठाच्या मागं गेल्या आणि माईकची पिन काढून हातात घेऊन परत येऊन बसल्या. वक्ता थोडा वेळ तसाच बोलत राहिला. मग मॅडमनी स्वतःचं भाषण माईकविना केलं आणि ते पाणी प्यायच्या आत संपलं.

लग्नाच्या पंगतीत मात्र त्यांच्या शेजारी बसणं म्हणजे उपाशी राहणं. वाढपी जिलेबी घेऊन आला की मॅडम स्वतःच्या ताटावर हात धरायच्या आणि दुसरा हात माझ्या ताटावर. "तिला पन पुरे," म्हणायच्या. मला पुरे झालेलं नसायचं. नांदेडात इतकी वर्षं राहून मी एकाही लग्नात दुसरी जिलेबी खाल्लेली नाही, आणि याचा राग मला अजून आहे.

मॅडम मूळच्या इस्लापूरकडच्या. आईवडील दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जायचे, मॅडम किनवटच्या वसतिगृहात राहून शिकल्या. लहानपणी आईनं खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली होती, तेव्हा आत काय चाललंय हे बघायला त्यांनी एकेक अंडं फोडलं होतं. "आईनं लई हानलं," त्या सांगायच्या. "पन तिसऱ्या अंड्यात मी काळीज उडताना बघितलं. लाल ठिपका, मोहरीएवढा. तेच्यापुढं मार काहीच न्हाई."

म्हणून दरवर्षी त्या किनवटच्या वसतिगृहात अंडी घेऊन जायच्या. कवचाला वरून बारीक खिडकी पाडायची, ती पारदर्शक पट्टीनं बंद करायची, डब्यात गरम पाण्याच्या पिशव्या ठेवायच्या आणि तो डबा मांडीवर घेऊन रेल्वेनं जायचं. मी एकदा बरोबर होते. मुलं एकेक करून खिडकीतून बघत होती आणि तो ठिपका उडत होता. एका लहान मुलीनं मान वर करून विचारलं, "मॅडम, याला चालू व्हाय कोनी सांगितलं?" मॅडम जन्मभर बंद कोण करणार हे विचारत आलेल्या. त्यांनी तिलाच पुन्हा एकदा खिडकीतून बघायला लावलं. परतीच्या गाडीत हिमायतनगर गेल्यावर त्या म्हणाल्या, "पोरगी चांगलं इचारून गेली."

अंडी आम्हाला एक चाचा द्यायचे. त्यांच्या घराण्याचा अंड्यांचा धंदा नांदेडात आजोबांपासूनचा. दुकानातल्या नेहमीच्या अंड्यातून काही जन्माला येत नाही. आम्हाला लागायची बसवायची अंडी, म्हणजे कोंबड्यासोबत राहिलेल्या कोंबडीची. मॅडम भर बाजारात मोठ्यानं विचारायच्या, "चाचा, कोंबडा नक्की होता ना?" चाचांचे कान लाल व्हायचे. ते हळू आवाजात म्हणायचे, "मॅडम, होता ना. ऐसे बातां दुकान में नक्को बोलो, लोगां सुनते." आमची अंडी ते वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून द्यायचे. बाकीच्या गिऱ्हाइकांची उघडीच असायची.

आता माझ्या कामाचं सांगते. फॉस्फटेज अनेक जातींचे असतात. त्यातला एक मॅडमच्या खास जिव्हाळ्याचा होता. कोंबडीच्या पिलाचा पंख फुटतो तेव्हा त्याचा इवलासा कोंब येतो. त्या कोंबातला वाढीचा निरोप हा फॉस्फटेज थांबवतो, असं मॅडमनी तरुणपणी एका शोधनिबंधात लिहिलं होतं. त्याच निबंधावर त्यांना नाव मिळालं. माझं काम साधं होतं. खिडकीतून औषधाचा थेंब टाकून तो फॉस्फटेज बंद पाडायचा. थांबवणाराच बंद पडला म्हणजे निरोप जोरात चालणार, कोंब मोठा होणार. निरोप पोचलेल्या पेशी एका रंगानं तपकिरी दिसतात, त्यामुळं सगळं डोळ्यांनी मोजता येणार. दुसऱ्या ट्रेमधल्या अंड्यांत नुसतं खारं पाणी टाकायचं, तुलनेला.

झालं उलटं. औषधाच्या अंड्यांतले कोंब बारके राहिले आणि तपकिरी रंग जवळपास दिसेना. खाऱ्या पाण्याच्या अंड्यांतले कोंब गुबगुबीत.

मॅडमनी भिंगातून बघितलं आणि म्हणाल्या, "ट्रे बदलले असतील तू."

माझ्या मनात वेगळंच होतं. ट्रेवर मी कागदी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. चिठ्ठी म्हणजे काढण्याजोगी वस्तू. आदल्या दिवशी मॅडम अंडी उबवायच्या इनक्युबेटरपाशी उभ्या होत्या. चिठ्ठ्या काढल्या असतील, मग चूक लक्षात येऊन परत लावल्या असतील, आणि लावताना अदलाबदल झाली असेल. दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत असा संशय कुणी घेतला नसता. आमच्याकडं तो घ्यावा लागायचा. थोडे दिवस मॅडमना मी वेंधळी वाटत होते आणि मला मॅडम संशयित, आणि दोघी एकमेकींना डब्यातली भाजी देत होतो.

शेवटी मीच म्हणाले, "मॅडम, पुन्हा करते. या वेळी चिठ्ठी नाही, कवचावरच पेन्सिलीनं लिहिते."

"हाव, लिही," मॅडम म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पेन्सिलीचं मला काढता येत न्हाई." म्हणजे त्यांनाही तो संशय आला होता तर.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. आणखी एकदा केलं, तेव्हाही तेच.

काही फॉस्फटेज निरोप थांबवत नाहीत, उलट चालू करतात, हे पुस्तकात आहे. प्रथिनावर आधीच एखादा अडवणारा फॉस्फेट बसलेला असतो, तो काढला की निरोप सुटतो. मॅडमना हे पाठ होतं, परीक्षेत त्या हा प्रश्न घालायच्या. पण ते सगळे परक्यांचे फॉस्फटेज होते. हा त्यांचा होता.

आणि वेळ नव्हता. मॅडम त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या. त्याआधी प्रबंधावर त्यांची सही झाली तरच माझं काम पुढं जाणार होतं. नाही तर नवा मार्गदर्शक शोधायचा, आणि आमच्या भागात या विषयाचं दुसरं माणूस नव्हतं. इकडं लातूरच्या एका क्लासनं जूनपासून जीवशास्त्र शिकवायला बोलावलं होतं. आई रोज फोनवर विचारायची, "झालं का गं तुझं अंड्याचं?" झालं असतं तर सांगितलं असतं. मी प्रबंध लिहून मॅडमच्या टेबलावर ठेवला, आणि तो तिथंच पडून राहिला. मॅडम सहीचं नाव काढत नव्हत्या. मी फार घाबरले होते. ज्या कागदावर त्यांच्याच नावाजलेल्या कामाचं खंडन आहे, त्यावर त्यांनी सही करावी हे मी कुठल्या तोंडानं मागणार होते?

मग एक दिवस चाचा बाजारात भेटले. म्हणाले, "मॅडम की तबियत बरी हाय ना? एवढे अंडे कब्बी नै लेते थे. खुद आके ले जारे. और कोंबडे का पूछते भी नै." मला काळजी वाटली. प्रयोगशाळेचं दार त्या दिवसांत दुपारनंतर आतून बंद असायचं. आत मॅडम माझाच प्रयोग स्वतःच्या हातानं पहिल्यापासून करत होत्या. हे मला उशिरा कळलं.

काय निघालं हे त्यांनी मला सांगितलं नाही. मला ते वर्गाच्या दारातून कळलं. व्हरांड्यातून जाताना बी.एस्सी.ची रांग उभी दिसली, म्हणजे टिकल्यांचा पाठ चालू होता. पण शेवटच्या मुलीच्या कपाळावर आधीच एक काळी टिकली होती. काळी टिकली मी यापूर्वी कधी बघितली नव्हती. लाल टिकल्या एकीकडून दुसरीकडं जात तिच्यापर्यंत आल्या, तिलाही लाल टिकली लागली, तरी तिनं हात वर केला नाही.

"का गं, हात का न्हाई वर करून राहिली?" मॅडमनी विचारलं.

"काळी आहे ना मॅडम. तुम्हीच म्हणाला, काळी असेपर्यंत हलायचं नाही."

मॅडम गेल्या, नखानं तिची काळी टिकली काढली, आणि पोरीचा हात वर गेला. मॅडम त्या वर गेलेल्या हाताकडं बघत उभ्या राहिल्या. मग वर्गाला म्हणाल्या, "हे मला आत्ता समजलं. तुमाला या वयात समजून राहिलं, नशीब काढलं तुमी." मी दारातून बाजूला झाले आणि जिन्यात जाऊन रडले, आनंदानंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. प्रबंध टेबलावर उघडा होता. निष्कर्षाच्या पानावर मी भीतीपोटी एक वाक्य घातलं होतं, की हे निकाल कदाचित प्रयोगातील तांत्रिक चुकीमुळे आले असावेत. मॅडमचा मान राहावा आणि माझीही सुटका व्हावी, अशी त्या वाक्याची सोय होती. मॅडमनी लाल पेनानं त्यावर एक सरळ रेघ ओढली होती. बाकी पानाला हात लावला नव्हता.

"एवढंच काढलं," त्या म्हणाल्या, आणि सही केली. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी मला खांद्याला धरून सरळ केलं आणि माझ्या नव्या ओढणीवर राहिलेली दुकानाची चिठ्ठी ओढून काढली.

तोंडी परीक्षा झाली तेव्हा मॅडम निवृत्त झालेल्या होत्या. इस्लापूरहून सकाळच्या गाडीनं आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. परीक्षक बाहेरच्या विद्यापीठातले होते, नावाजलेले, आणि मॅडमचा जुना निबंध त्यांनी वाचलेला होता. माझं बोलणं झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "तुमच्या मार्गदर्शकांनी याच फॉस्फटेजबद्दल नेमकं उलट लिहिलंय. त्यांचं काम आम्ही सगळे मानतो. तुमच्या प्रयोगात काही गफलत झाली असेल, ही शक्यता तुम्ही धरली का?"

सभागृह भरलेलं. माझी आई लातूरहून आलेली. समोर मॅडम. ज्या निबंधावर त्यांचं नाव उभं होतं तो चुकीचा आहे, हे त्यांच्या तोंडावर, सगळ्यांसमोर म्हणायचं होतं, आणि तसं म्हटलं नाही तर माझी सगळी वर्षं वाया जाणार होती. ते जुनं वाक्य आपोआप ओठांवर आलं. "सर, कदाचित तांत्रिक चुकीमुळे..."

"ते वाक्य काढलंय," मॅडम म्हणाल्या.

परीक्षक त्यांच्याकडं वळले. "मॅडम, मार्गदर्शकांनी मध्ये बोलायचं नसतं. तुम्हाला नियम माहीत आहे."

"हाव," मॅडम म्हणाल्या. "मी बोलून न्हाई राहिले. काढलेलं सांगून राहिले."

मागच्या रांगांत कुणीतरी हसलं. मी पाणी प्याले. मॅडम माझ्याकडं बघत होत्या, तशाच, जशा वर्गातल्या त्या शेवटच्या मुलीच्या हाताकडं बघत उभ्या होत्या. मी म्हणाले, "नाही सर, गफलत नाही. पेन्सिलीनं लिहून तपासलंय, आणि मॅडमनी स्वतः सगळं पुन्हा करून बघितलंय. हा फॉस्फटेज पंखाचा निरोप थांबवत नाही, सोडतो. मॅडमच्या निबंधात जे आहे ते चूक आहे."

परीक्षकांनी चष्मा परत लावला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मॅडमकडं, त्याच काही खुलासा करतील अशा अपेक्षेनं.

मॅडमनी परीक्षकांपुढच्या कोऱ्या कागदाकडं बोट दाखवलं. "सर, लिहून घ्या," त्या म्हणाल्या.